तीन गुंजांचा पाळणा

"कल्लप्पा, ऊठ की. टांगा उभा हाय. भाबीनं बोलावलंय तुला."

हा आवाज लालसाबचा. बारा वर्षांपूर्वी वैरागच्या जत्रेत, सकाळच्या कोवळ्या उन्हात, मांडलेल्या खेळण्यांच्या पलीकडे उभा राहून तो असं बोलला होता. त्याच्या घोड्याच्या तोंडाला फेस आला होता, आणि हातातला चाबूक त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, साहेबापुढं टोपी धरावी तसा. लालसाब जाऊनही आता आठ वर्षं होत आली. पण लाकूड कातून खेळणी करणारा कल्लप्पा कातारी कुठल्याही जत्रेत पाल ठोकून बसला, पोत्यावर लाकडी बाहुल्या म्हणजे ठक्या, भोवरे, पांगुळगाडे ओळीनं लावले, की भवानीच्या गिऱ्हाइकाआधी हा आवाज येऊन समोर उभा राहायचा. ऊठ की. मग कल्लप्पा मान खाली घालायचा आणि एखादी पुसलेली ठकी पुन्हा पुसायला घ्यायचा. आपल्याला हा आवाज कधी ऐकूच आला नाही, असं त्यानं तेव्हा बायकोला सांगितलं होतं. "कुणी आलंच न्हाय गं मला सांगाया. आलं असतं तर ऱ्हायलो असतो व्हय मी तितं?" गुरम्मानं ते ऐकून घेतलं, त्याच्या हातावर पाणी घातलं, भाकरी वाढली. त्यानंतर त्या विषयावर घरात शब्द निघाला नाही. खोटं बोलायला एकदाच लागलं. पुढं ते आपलं आपण घरात राहिलं, मांजरासारखं. चुलीपाशी बसायचं, ताटाभोवती फिरायचं, रात्री दोघांच्या मधल्या जागेत अंग चोरून निजायचं. हाकलायचं दोघांपैकी कुणीच नाही.

आज गड्डा होता, सोलापूरची मोठी जत्रा. बत्तीस सालची संक्रांत होऊन गेली होती, आणि तळ्याच्या काठानं सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत माणूसच माणूस दिसत होतं. उंच काठ्या मिरवून गेल्या होत्या, त्यांच्या बाशिंगांचे चमचमते कागद अजून धुळीत पडले होते आणि पोरं ते वेचत होती. कल्लप्पाच्या पालाला लागून लालबीचं बांगड्यांचं दुकान. लालबी म्हणजे लालसाबचीच बायको. तो गेल्यावर तिनं घोडा-टांगा विकून बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतली, आणि आता आठ वर्षं, कुठलीही जत्रा असो, ती कल्लप्पाच्या शेजारचीच जागा धरते. "काय वो कातारी," ती एका म्हातारीच्या हातात बांगडी चढवता चढवता म्हणाली, "आज तोंडाला कुलूप घालून आलाव व्हय? गिऱ्हाइकानं ठकी बघावी का तुमचं थोबाड?" "ठकीच बघू दे," कल्लप्पा म्हणाला, "थोबाड कोण न्हेतंय घरी?" "त्ये बी खरंच. ठकीला निदान रंग तरी हाय." म्हातारी बोळक्या तोंडानं हसली, कल्लप्पाही हसला, आणि हसता हसता एका पोरासाठी भोवऱ्याला दोरी गुंडाळू लागला. दोरीचा तिसरा वेढा पडला असेल नसेल, आणि त्याला तो आवाज ऐकू आला.

खुळ्ळ. फार बारीक. लाकडाच्या पोटात दाणा घरंगळावा तसा. आधी एक, मग त्याच्या मागोमाग दोन. एवढ्या गलबल्यात, पिपाण्यांच्या, फिरत्या आकाशपाळण्यांच्या करकरीत, तो दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. कल्लप्पाचे हात दोरीसकट थांबले. त्यानं वर पाहिलं नाही. आपण आत्ता भोवरा धरलाय की भोवऱ्यानं आपल्याला धरलंय हे त्याला कळेना. पोरगं म्हणत होतं, "द्या की वो," आणि ते शब्द विहिरीच्या तळातून आल्यासारखे वाटत होते. तो आवाज त्यानं स्वतः केला होता. साऱ्या आयुष्यात एकदाच. शिवणीच्या लाकडाचा एक गोंडा कातून, आतनं पोकळ करून, त्यात तीन गुंजा टाकून, दोन अर्धे लाखेनं असे जुळवले होते की सांध्यावर नख फिरवलं तरी लागू नये. तीन गुंजा तीन लेकरांच्या. पहिल्या दोन मुली त्याच्या मांडीवर गेल्या होत्या, एक चार महिन्यांची, एक सव्वा वर्षाची. दोघींच्या वेळी त्यानं पाहिलं होतं की लेकराचे डोळे आधी बापाला ओळखायचं सोडतात आणि मग बाकीचं सगळं सोडतात. तिसऱ्या खेपेला गुरम्मानं मायाक्का देवीला नवसाचा पाळणा बोलला. पोर जन्मायच्या आधी पाळणा करत नाहीत. कातारी असो, सुतार असो, पोटुशी बाई घरात असताना पाळण्याच्या लाकडाला हत्यार लावत नाहीत, हे त्याला बापानं हत्यार हातात देतानाच सांगितलं होतं. पण सातव्या महिन्यात त्याच्यानं राहवलं नाही. गुरम्मा माहेरी अक्कलकोटला गेली असताना त्यानं दार लावून वीतभर लांबीचा तो पाळणा केला, केवड्याच्या पानानं लाख घासून आरशासारखी केली, आणि लाकडांच्या ढिगामागं लपवून ठेवला. मुलगा झाला. बाराव्या दिवशी त्यानं पाळणा काढून दाखवला तेव्हा गुरम्मानं बोटांनी लाख चाचपली आणि म्हणाली, "लई दिस झाल्यात की ह्याला वाळून." तिला कळलं होतं. दोघंही त्यावर हसली. पंधराव्या दिवशी तो वैरागच्या जत्रेला गेला. विसाव्या दिवशी पोर गेलं. चार दिवसांनी तो मालाची गाडी घेऊन परतला तेव्हा घरातली भुई सारवलेली होती. पाळणा कुठाय, असं त्यानं विचारलं होतं; दुसरं काय विचारावं हे सुचलं नव्हतं. "त्याच्या उशाला ठिवला," गुरम्मा म्हणाली होती, "मातीत." बारा वर्षं तो पाळणा मातीत होता. बारा वर्षं त्याच्या मनात तो शिवणीचा तुकडा वाळवीबरोबर, मुळांबरोबर हळूहळू माती होत होता, आणि कधीतरी भर दुपारी काम करताना तो हिशेब लावायचा: आता लाख सुटली असेल, आता गोंडा उकलला असेल, आता गुंजा तेवढ्या उरल्या असतील, लाल, काळ्या डोळ्यांच्या.

"दादा, ओ दादा! कान मोडलाय हो पाळण्याचा."

समोर एक धनगर जोडपं उभं होतं. बाईच्या कडेवर वर्षाचं पोर, कपाळभर काजळाची तीट. तिच्या मागं डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं घेतलेला नवरा, आणि त्याच्या दोन्ही हातांत, ताटात दिवा धरावा तसा धरलेला, पाळणा. लाख ठिकठिकाणी उडाली होती. रंग तुपाळ काळपट झाला होता. कडांना रंगीत दोऱ्यांचे वेढे होते. कल्लप्पा पाहत राहिला. मातीतून आलेली वस्तू अशी हातोहात फिरून गुळगुळीत झालेली कशी असेल?

"मोडका देवीला न्ह्यायचा कसा?" बाई सांगत होती. "म्हणून म्हणलं, गड्ड्यात कातारी असतोय, एवढा कान बसवून घ्यावा. आन जोडीला एक नवा बी द्या. आमी माळशिरसकडची. मी गोजा. ह्ये आमचं धनी, निंगप्पा."

"ठिव हितं," कल्लप्पाच्या तोंडून गेलं. आवाज त्याचा नव्हताच.

"ठिवत्यात व्हय!" गोजाबाई फिसकन हसली. "भुईला टेकायचा न्हाय की त्यो. गाव सोडल्यापास्नं ह्यांनी हातातनं सोडला न्हाय. बिडीसुदिक मी लावून देतीया तोंडात."

"अगं बया!" लालबीनं बांगड्यांवरनं मान वर केली. "मग जिलबी?"

"ती बी मीच. आदी ह्यांला भरीव, मग पोराला. दोन पोरं हायती बगा मला ह्या जत्रंत."

आजूबाजूच्या बायका हसल्या. निंगप्पाचे कान लाल झाले, पण हात तसेच राहिले, न हलता.

"तू का धरत न्हाईस मग?" लालबीनं विचारलं. "नवसाचा पाळणा बायाच न्हेत्यात की."

"दुसरं न्हेत्यात. ह्यो न्हाय." गोजाबाईनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. सांगायला मिळतंय म्हणून तिचा चेहरा उजळला होता. "हितं नाक्याफुडं माळावर मायाक्काचं ठाणं हाय न्हवं? तितला ह्यो. ज्या बाईला पोर न्हाय तिनं ह्यो घरी न्ह्यायचा, पोर झालं की माघारी आणायचा, एक दोरा बांदायचा आन संगं नवा पाळणा व्हायचा. पर ह्यो बाईच्या हातात देतच न्हाईत. पोराच्या बानं स्वता यायचं, बानंच न्ह्यायचा, बानंच आणायचा. बा न्हाय आला तर पाळणा न्हाय. सात घरं फिरलाय ह्यो, दादा. मोजा की दोरं. आमचा सातवा. आन त्यो खालचा काळा, त्यो पहिल्या बाईचा."

कल्लप्पानं मोजले. हिरवा, पिवळा, पुन्हा पिवळा, तांबडा, एक नुसता सुताचा, एक जरीचा, आणि पोराच्या करगोट्यासारखा हा नवा. सगळ्यांच्या खाली, लाकडाला चिकटून, काळा. सात लेकरं. ज्या लाकडाला आधी हत्यार लावलं म्हणून आपण मनातल्या मनात रोज स्वतःला फाशी दिली, त्या लाकडाखाली सात लेकरं हसली, ओली झाली, मोठी झाली. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्याला नुसतं कानशिलात बसल्यासारखं झालं होतं. दुखायला अजून सुरुवात झाली नव्हती.

"पहिली बाई कोण?" त्यानं विचारलं. विचारू नये हे कळत असताना विचारलं.

"हितलीच म्हणं, सोलापूरची. नाव न्हाय सांगत पुजारीण. तिचं पोर तापानं फणफणलं, तवा नवरा लांब जत्रंला गेलेला. तिनं टांगा धाडला. निरोप पोचला दादा, पर बाबा न्हाय आला. पोर गेलं. मग पंदरा दिसांनी ही बाई एकलीच पाळणा घिऊन माळावर आली. पुजारीण म्हणली, अगं, पोर गेलं, नवस कसला फेडतीस? तर म्हणली, आई, ईस दिस का हुईना, तू दिलं हुतंस, मी बोलले हुते, ह्यो घे. आन म्हणली, दुसरीला दे ह्यो, पर तिच्या लेकराचा बा संगं आला तरच दे." गोजाबाईनं पोराचं नाक पदरानं पुसलं. "तवापास्नंची रीत. आमच्याकडं तर बाया दळताना तिची ओवी म्हणत्यात की." आणि तिथंच, गड्ड्याच्या त्या धुळीत, जात्याच्या खुंट्याला हात लावल्यासारखा हात फिरवत तिनं म्हटलं:

"शिवणीचा गं पाळणा, त्याला लाल लाखेची कड,
निरोप पोचला बापाला, त्याचं पाऊल झालं जड.

वाट बघता बघता, दिवा विझाया गं आला,
दारी थांबला टांगा, त्यात वाराच बसून आला."

कल्लप्पाला वाटलं, आता सगळी जत्रा थांबेल आणि आपल्याकडे वळून बघेल. जत्रा थांबली नाही. पिपाण्या वाजत होत्या. तो आवाज, जो लालसाबनं फक्त त्याच्या कानात घातला होता, जो त्यानं बारा वर्षं दातांमागं दाबला होता, तो माळशिरसपर्यंत जाऊन आला होता. कुठल्या कुठल्या अंगणात, पहाटेच्या जात्यांवर, न पाहिलेल्या बायका त्याला दळत होत्या. आपण ज्याला गुपित म्हणत होतो त्याचं पीठ झालं, भाकरी झाली, लोकांनी ती खाल्ली. कुठल्याही गावच्या जत्रेत आपल्याकडनं भोवरा घेणाऱ्या बाईला ही ओवी येत असेल. आणि पाऊल जड झालं, असं कुणी म्हटलं? आला नाही, असं नाही. रमला, असं नाही. जड झालं. ज्या बाईनं हा शब्द घातला तिनं तो किती रात्री निवडला असेल, तांदळातला खडा निवडावा तसा? त्यानं लालबीकडे पाहिलं. तिच्या हातात एक हिरवी बांगडी होती आणि समोर पसरलेला म्हातारीचा हात तसाच अधांतरी होता. लालबीची नजर त्याला भेटली आणि खाली गेली.

"तुला ठावं हुतं," कल्लप्पा म्हणाला.

"आमच्या ह्यांच्या पोटात खोटं टिकायचं न्हाय, म्हाईत हाय की तुमाला," लालबी हळू म्हणाली. "तुमी सांगितलंत, सापडला न्हाय म्हण. म्हणले बिचारे. पर पाचव्या दिशी गुरम्माच्या दारात जाऊन रडले. निरोप दिला हुता भाबी, म्हणले. एवढंच. फुडं काय इचारलं तर मलाबी कदी बोलले न्हाईत."

"आन तू आठ वर्सं माझ्या शेजारी बसतीस."

"बसते की. गुरम्मानं शपत घातली हुती. म्हणली, त्येंनी आपनहून सांगंस्तवर कुणी तोंड उघडू नगं. मी वाट बगते, म्हणली."

गोजाबाईला यातलं काही नीट ऐकू गेलं नव्हतं. ती पोराला समजावत होती. मग एकदम काही आठवल्यासारखं वळून तिनं विचारलं, "दादा, राग धरू नगा, पर तुमाला ल्येकरं हायती न्हवं? न्हाय, हात लावायचा म्हणून इचारलं."

लालबीनं म्हातारीचा हात हळूच खाली ठेवला.

"दे गं त्येंच्या हातात. त्येंचाच हाय त्यो."

"ह्येंनी केलेला?"

"ह्येंनीच केलेला. आन त्यो काळा दोरा बी ह्येंच्याच घरचा."

गोजाबाईचं तोंड उघडं राहिलं. तिचा हात आपोआप वर गेला, आणि तिनं पदर ओढून पोराचं तोंड झाकलं. तेवढंच. शिव्या दिल्या असत्या, थुंकली असती, तरी चाललं असतं. कल्लप्पा त्या पदराकडे बघत राहिला. इरकली काठ, त्यामागं हलणारा बारका उंचवटा, नाक असेल, किंवा मूठ. एवढ्या वेळात एक अक्षर न बोललेला निंगप्पा पुढं आला. पोत्यावरच्या ठक्या ओलांडून त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"घ्या की, दादा," तो म्हणाला. "हात अवघडलं माजं."

पाळणा हातात आला तेव्हा गुंजा खुळ्ळ झाल्या. हलका होता. असा हलका की कल्लप्पाचे हात वर उडाल्यासारखे झाले. बारा वर्षं तो ज्याचं ओझं वाहत होता त्याचं वजन एवढंच? त्यानं दोरी अडकवायचा मोडका कान पाहिला, पोतडीतून खुंटी काढली, तिथंच उभ्यानं, पाळणा भुईला न टेकवता, छातीशी दाबून ती ठोकली. हात सवयीनं काम करत होते. मग म्हणाला, "दिवं लागायच्या आत आणून देतो. घरी दाखवायचाय." गोजाबाई काही म्हणणार होती, पण निंगप्पा खाली बसला, बोटं मोडली, आणि गाव सोडल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या हातानं बिडी पेटवली. "जावा," तो म्हणाला. "आमी बसतो बांगडीवालीपाशी."

तळ्याच्या काठानं गेलं तर घर जवळ होतं. कल्लप्पा त्या वाटेनं गेला नाही. तो वळसा घालून जुन्या जकात नाक्याकडे निघाला. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, रुईचे तंतू केसांत अडकलेली माणसं समोरून लोंढ्यानं येत होती, आणि त्या लोंढ्यातून तो पाळणा दोन्ही हातांनी पुढं धरून चालला होता. कुणी हसलं. कुणी वाट दिली. विणकरांच्या गल्लीत माग वाजत होते, कुणी तेलुगूत कुणाला तरी हाक मारत होतं, आणि या सगळ्याच्या आत, पावलागणिक, खुळ्ळ. खुळ्ळ. कुठल्याही जत्रेहून परतताना गाडी या नाक्याजवळ आली की तो गाडीच्या मागं उतरून चालायचा, खाली बघत. चाक बघतो, म्हणायचा. आठवणही इथंच येऊन थांबायची, बुजलेल्या बैलासारखी. कितीही टोचलं तरी पुढं पाऊल टाकायची नाही. आज तो नाक्यावरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला. जकातीचा कारकून दारात तंबाखू मळत होता. "काय न्हेतोयस रे?" त्यानं विचारलं. "पाळणा," कल्लप्पा म्हणाला. कारकुनानं दोरे पाहिले आणि हातानंच जा म्हटलं. तिथून रस्ता उतरतो, आणि उताराच्या शेवटी उजव्या हाताला त्याचं दार. कडुनिंबाखालून ते सरळ दिसतं. कल्लप्पानं पाऊल उचललं. पाय दगडाचा झाला होता. दुसरं उचललं. तो पावलं मोजत नव्हता, तरी ती आपोआप मोजली जात होती, आणि दोनशे सतरा झाली तेव्हा तो उंबऱ्याशी होता. एवढंच अंतर होतं ते. दोनशे सतरा पावलं.

गुरम्मा दारात बसून विणकरांसाठी कांड्या भरत होती. चाक फिरत होतं, सूत सरसर गुंडाळलं जात होतं. आवाज झाला तसं चाक थांबलं. तिनं वर पाहिलं नाही. हातातला धागा तिनं तुटू न देता बोटाला गुंडाळून धरला, आणि मग म्हणाली, "बर्री, या. हुबं का?"

तो उभाच राहिला. तिनं पाळण्याकडे पाहिलं. उठली नाही, हात पुढं केला नाही.

"किती दोरं झालं?"

"सात. तुजा सोडून."

"कुणी आणला?"

"बानं. माळशिरसास्नं आणला. भुईला टेकला न्हाय म्हणं."

गुरम्मानं मान हलवली. तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते; कधी झाले हे त्याला आठवेना. ती वाट पाहत होती. बारा वर्षं ती अशीच बसली असणार, धागा बोटाला गुंडाळून, चाक थांबवून. आणि त्याला समोर दिसत होती ती फक्त भाकरी करताना, पाणी घालताना.

"लालसाब आला हुता मला न्ह्यायला," कल्लप्पा म्हणाला.

"ठावं हाय मला."

"तुला ठावं न्हाय." त्यानं पाळणा तिच्यापुढं केला, तशा गुंजा वाजल्या. "तुज्या ओवीत खोटं हाय गं. टांग्यात वारा न्हवता. मी हुतो. नाक्यापातूर मी हुतो. ह्या दारातला दिवा दिसला मला, तू हातात धरलेला. तिसऱ्या लेकराचं डोळं इझताना बगायचं धाडस हुईना, तितं उतरलो."